आपल्या वाटीतली डाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलवावी हा आपल्या मंडळाचा रिवाज. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि घरच्याच बाईला व्यासपीठावर उभे केले. मी नको नको म्हणत होते. तर त्या म्हणाल्या, "तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवलेत, आता पाऊण तास आमच्यापुढे बोलायला काय हरकत आहे?" मी विचारले, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जो जिव्हाळ्याचा असेल तो." मी म्हटले, "मग डाळीवर बोलते." त्या थोड्या गप्प झाल्या. वर्धापनदिनाला डाळ, हे काही त्यांना रुचले नसावे. पण शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. म्हणून आज मी आपल्यापुढे डाळीवर आणि कडधान्यांवर चार शब्द बोलणार आहे. पाककृती सांगणार नाही. त्या माझ्यापेक्षा तुम्हालाच चांगल्या येतात. ही डाळ पोटात गेल्यावर भुकेचे काय करते, रक्तातल्या साखरेचे काय करते, आणि मुळात ती आपल्या पोटात जाते का, एवढेच मला सांगायचे आहे.

हा विषय मला का सुचला, ते आधी सांगते. चौपन्नाव्या वर्षी मला मधुमेह असल्याचे कळले. डॉक्टरांनी विचारले, "दुपारी काय जेवता?" मी म्हटले, "आपले नेहमीचेच. वरण-भात, पोळी, भाजी." "डाळ रोज असते?" "रोज असते." मी ठणकावून सांगितले. शास्त्राची शिक्षिका मी! प्रथिने कशात असतात हे वर्षानुवर्षे मुलींकडून पाठ करून घेतलेले. माझ्या जेवणात डाळ नाही असे कसे होईल?

घरी आल्यावर ही गोष्ट मी सूनबाईला सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची जेवणे झाल्यावर मी नेहमीप्रमाणे शेवटी बसले. माझ्या वाटीत वरण वाढून घेतले, तशी तिने ती वाटी उचलली आणि चहाच्या गाळणीतून गाळली. गाळणीत किती डाळ राहिली असेल? जेमतेम दोन चमचे! बाकी सारे हळदीचे पिवळे पाणी. ती म्हणाली, "आई, ही तुमची रोजची डाळ."

मैत्रिणींनो, त्या गाळणीने मला जे शिकवले ते कोणत्याच पुस्तकाने शिकवले नव्हते.

तुम्ही म्हणाल, डाळ तर पातेल्याच्या तळाशी बसते, मग शेवटी बसणारीला घट्टच मिळायला हवे. शास्त्राने हे बरोबर आहे, पण स्वयंपाकघरात असे होत नाही. आपण पळी तळापर्यंत घालून घट्ट वरण वाढतो, ते यजमानांना, मुलांना, आल्यागेल्याला. "तळातले वाढ गं," असे आपणच सुनेला सांगतो. मग मागे उरते ते आपल्याला पुरावे म्हणून त्यात वाटीभर कढत पाणी घालतो, मिठाची चिमूट टाकतो आणि तेच भातावर ओतून घेतो. उसळीचे तर विचारूच नका. चार दाणे आणि रस्सा उरला तर उरला. नाहीतर लोणच्याची फोड आहेच. हे कोणी आपल्यावर लादलेले नाही, आपण आपल्या हातांनी केलेले आहे. म्हणून ते बदलणेही आपल्याच हाती आहे.

आता थोडा हिशेब मांडू. घाबरू नका, फळ्यावर कोणाला बोलावणार नाही. आमच्या घरी पाच माणसांना एका वेळेला सुमारे १०० ग्रॅम तूरडाळ शिजत असे. म्हणजे सारखी वाटणी झाली तरी माणशी २० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातल्या अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि ९ ग्रॅम चोथा आहे. चोथा म्हणजे ज्याला आता तंतुमय पदार्थ म्हणतात तो. तेव्हा २० ग्रॅम डाळीत प्रथिने चार-साडेचार ग्रॅम आणि चोथा जेमतेम दोन ग्रॅम. ही झाली सारखी वाटणी. माझ्या गाळणीतल्या दोन चमच्यांत काय असेल ते तुम्हीच ठरवा. याच संस्थेने २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिवसाला २००० उष्मांकांच्या जेवणात डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम असावीत असे सांगितले आहे. हे कच्च्या डाळीचे वजन आहे. आमच्या घरी दोन्ही वेळची मिळून चाळीस होत होती, आणि माझ्या वाट्याला त्याच्याही अर्धी येत नसेल.

पण पोट तर भरत होते! ते कशाने? भाताने आणि पोळीने. इथेच सगळी मेख आहे.

आपण भात खातो तेव्हा त्यातला पिष्टमय भाग लाळेत आणि लहान आतड्यात फुटून त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि ही साखर पेशींच्या आत पोचवते. मधुमेहात हे इन्शुलिन तरी कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. अशा वेळी साखर किती आली याबरोबरच ती किती वेगाने आली यालाही महत्त्व येते. नळाला धार बारीक असली तर घागर भरते आणि आपण ती उचलून ठेवतो. नळ एकदम धो धो सुटला, तर घागर बदलीपर्यंत पाणी घरभर होते. भाताची, मैद्याची, साबुदाण्याची साखर अशी धो धो येते. कडधान्याची बारीक धारेने येते.

हे नुसते बोलणे नव्हे. कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ नेहमीचे पदार्थ निरोगी माणसांना उपाशीपोटी खायला देऊन त्यांची रक्तशर्करा मोजली आणि १९८१ साली निष्कर्ष छापले. नुसते ग्लुकोज प्यायल्यावर साखर जेवढी चढते ते १०० धरले, आणि प्रत्येक पदार्थातून पिष्टमय भाग सारखाच पोटात जाईल असे माप घेतले. तेव्हा धान्ये आणि बिस्किटांच्या गटाचा सरासरी आकडा ६० आला. वाळवलेल्या कडधान्यांचा आला ३१, सगळ्या गटांत सर्वांत कमी. म्हणजे पिष्ट तेवढेच, पण साखरेची चढण निम्मी.

असे का व्हावे? याची उत्तरे तीन आहेत, आणि तिन्ही आपल्या डोळ्यांदेखत आहेत.

पहिले उत्तर दाण्याच्या बांधणीत आहे. मटकीचा किंवा हरभऱ्याचा दाणा म्हणजे लहान लहान कोठड्यांचे घर आहे. प्रत्येक कोठडीची भिंत जाड, आणि पिष्टाचे कण या भिंतींच्या आत, प्रथिनांत गुरफटून बसलेले. शिजवले तरी या भिंती सहसा फुटत नाहीत. दाणा मऊ होतो, दाताखाली त्याचे तुकडे होतात, पण पुष्कळशा कोठड्या अखंडच पोटात जातात. पाचक रसाला भिंतीतून आत शिरायला वेळ लागतो. शिजलेल्या पांढऱ्या भातात असा अडसर फारसा नसतो. म्हणूनच अख्खे कडधान्य, मग डाळ, मग पीठ, अशी उतरंड मनात ठेवावी. दळले की भिंती मोडतात. पिठले वाईट असे मी म्हणत नाही, त्यातली प्रथिने कुठे जात नाहीत. पण अख्ख्या हरभऱ्याची उसळ त्याहून सावकाश पचते. शिवाय डाळ करताना साल जाते आणि सालीबरोबर चोथा जातो. अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम चोथा आहे, हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या मुगात १७, मुगाच्या डाळीत ९. पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही.

दुसरे उत्तर या चोथ्यात आहे. चोथ्याचा काही भाग पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. घेवड्याची आमटी थंड झाली की कशी दाट होते, ते आठवा. हा दाटपणा जठरातही काम करतो. अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि साखर रक्तात हळू उतरते. उरलेला चोथा आणि न पचलेले थोडे पिष्ट मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जंतू त्यावर जगतात आणि त्यातून काही उपयोगी आम्ले तयार करतात. आपल्याला जे वाताने फुगल्यासारखे वाटते ते याच कामाचे लक्षण. त्यावर पुढे सांगते.

तिसरे उत्तर प्रथिनांत आहे. प्रथिने पोटात गेली की आतड्यातून काही संप्रेरके रक्तात सुटतात आणि "आता पुरे" असा निरोप मेंदूला पोचवतात. चोथ्यानेही हे घडते. यांपैकी एका संप्रेरकाची नक्कल करून वजन कमी करण्याची जी इंजेक्शने निघाली आहेत, त्यांची नावे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असतील. उसळीत तेवढा जोर नाही, हे उघडच आहे. पण निरोप्या तोच आहे.

आणखी एक मौजेची गोष्ट. याच टोरोंटोच्या मंडळींनी १९८२ साली काही माणसांना सकाळी न्याहारीला मसूर दिला, आणि दुसऱ्या वेळी पाव दिला. चार तासांनी दोन्ही वेळा सारखेच जेवण दिले. तर मसूर खाल्लेल्या दिवशी त्या दुसऱ्या जेवणानंतरची साखरही कमी चढली. पुढे १९८८ साली त्यांना असेही दिसले की, रात्री सावकाश पचणारे अन्न खाल्ले तर दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीनंतरची साखर आटोक्यात राहते. म्हणजे रात्रीच्या उसळीचे पुण्य सकाळच्या पोह्यांच्या कामी येते!

आता मी स्वतःवर काय प्रयोग केला ते सांगते. साखर मोजायचे लहान यंत्र घरी होतेच. पहिल्या दिवशी माझे जुने जेवण जेवले. दोन वाट्या भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी. दोन तासांनी साखर २१८. शिवाय चार वाजता असे कासावीस व्हायला लागले की हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे गेला. ही चारची भूक तुम्हां सगळ्यांच्या परिचयाची आहे. दोनच दिवसांनी एक वाटी भात, एक वाटी मोडाच्या मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर घेतली. दोन तासांनी १७१. मी आनंदाने सूनबाईला हाक मारली. पण ती माझीच सून! म्हणाली, "आई, भात पण निम्मा केलात की. मग श्रेय मटकीला कसे?" बरोबर होते. म्हणून तिसऱ्या खेपेला भात पुन्हा दोन वाट्या घेतला, फक्त बटाट्याच्या जागी मटकी ठेवली. साखर आली १८९. म्हणजे काही गुण मटकीचा आणि काही कमी भाताचा. शिवाय त्या दोन्ही दिवशी चारचा डबा मला आठवलाही नाही.

एकटीचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी मुलींना शिकवत आले. एकाच बाईची साखरसुद्धा रोज वेगळी वागते. म्हणून जिथे पुष्कळ माणसे पाहिली आहेत तिथले सांगते. २०१२ साली जेन्किन्स यांनीच १२१ मधुमेही माणसांचे दोन गट केले. एकाला तीन महिने रोज पेलाभर शिजवलेली कडधान्ये दिली, दुसऱ्याला गव्हाचा कोंडा असलेले पदार्थ दिले. रक्ताची जी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, तिचा आकडा कडधान्याच्या गटात ०.५ ने उतरला, कोंड्याच्या गटात ०.३ ने. दोन्हींचा उपयोग झाला, पण कडधान्याचा अधिक.

भुकेचेही असेच पाहिले आहे. २०१४ साली नऊ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा कडधान्याच्या जेवणानंतर पोट भरल्याची जाणीव ३१ टक्क्यांनी अधिक आढळली. पण त्यांतच एक गोष्ट अशीही दिसली, जी मी लपवणार नाही. पुढच्या जेवणाला मात्र ती माणसे काही फारसे कमी जेवली नाहीत. वजनाचे तर २०१६ साली २१ प्रयोगांतल्या ९४० माणसांचे आकडे एकत्र केले. दिवसाला सुमारे १३० ग्रॅम शिजवलेले कडधान्य खाऊन सहा आठवड्यांत वजन उतरले ते सरासरी किलोचा एक तृतीयांश. तेव्हा "उसळ खा आणि महिन्यात सडपातळ व्हा" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उसळ चमत्कार करत नाही. ती रोज थोडे थोडे काम करते, आपल्यासारखेच, गाजावाजा न करता.

आता तुमच्या मनातल्या शंका. पहिली अर्थातच वाताची. "आम्हाला कडधान्य बाधते हो." ही तक्रार खोटी नाही. कडधान्यांत काही अशा साखरा असतात की त्या पचवणारा रस माणसाच्या आतड्यात नसतो. त्या मोठ्या आतड्यात जातात आणि जंतू त्यांचा वायू करतात. आपल्या आज्या-पणज्यांनी यावर उपाय करून ठेवले आहेत. कडधान्य आठ-दहा तास भिजवा आणि ते पाणी टाकून द्या. त्याबरोबर या साखरा बऱ्याच जातात. मोड आणलेत तर आणखी कमी होतात, कारण कोंब वाढताना तो त्याच साखरांवर वाढतो. आणि एकदम वाटीभर खाऊ नका. पहिला आठवडा दोन चमचे, मग चार, मग अर्धी वाटी, असे चढवत न्या. पोटालाही सवय लागते. बरोबर पाणी पुरेसे प्या. मूग आणि मटकी पुष्कळांना सोसतात, वाल आणि हरभरा जड वाटतो. ज्याने त्याने आपले पोट ओळखावे.

आपल्या साताऱ्याकडचा घेवडा प्रसिद्ध आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण घेवडा आणि राजमा कधीही अर्धकच्चा ठेवू नका. त्यातल्या एका द्रव्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेले पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळून मऊ शिजवला की ते द्रव्य नाहीसे होते. मंद आचेवर नुसता कोमट ठेवून भागत नाही.

दुसरी शंका खर्चाची. मटकी वाटीभर भिजवली तर मोड येऊन शिजेपर्यंत तिची जवळजवळ अडीच वाट्या होते. चार वाजताच्या बिस्किटांचा महिन्याचा खर्च एकदा लिहून पाहा आणि मग मटकीचा भाव विचारा. हुलगे तर आपल्या माणदेशी मैत्रिणींच्या घरी अजून असतात. हुलग्याचे माडगे प्यायला आता पोरे नाक मुरडतात, पण ते ओळखीचे करून द्यायला हवे.

तिसरी शंका एका काकूंनी मला दारातच विचारली. "मग पुरणपोळी चालेल का? तीही डाळच!" काकू, डाळ खरी, पण तिच्या बरोबरीने गूळ आणि वर मैदा! सणाला एक खा, आनंदाने खा, पण तिला औषध म्हणू नका. तसेच मिसळीचे. मटकी मूठभर आणि वर फरसाण, तेलाची तर्री, शेजारी पावाची जोडी. त्यात मटकीचा दोष नाही, तिची संगत वाईट.

आणि एक बजावून सांगते. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी जेवणात मोठा बदल करताना डॉक्टरांना विचारावे, कारण भात एकदम कमी केला आणि औषध तेवढेच राहिले तर साखर फार उतरू शकते. ज्यांच्या मूत्रपिंडाला विकार आहे त्यांनी प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरच ठरवतील. उसळ सुरू केली म्हणून गोळी बंद, असे कोणी करू नये. मी माझी गोळी अजून घेते.

मैत्रिणींनो, एवढे सगळे मी का सांगते आहे? २०२३ साली आपल्या देशातल्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह, आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर. एवढे मोठे आकडे डोक्यात मावत नाहीत, म्हणून मी एकाच माणसाचे सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांचे होते. त्यांच्या हातची वालाची उसळ ज्यांनी खाल्ली ते अजून नाव काढतात. पण त्यांनी स्वतः ती वाटीभर खाल्लेली मी कधी पाहिली नाही. त्या खात ते आदल्या रात्रीचा भात, ताक आणि मिरची. "मला एवढेच आवडते," असे म्हणत. आम्ही ते खरे मानले. मधुमेह कळला तोवर उशीर झाला होता. आधी पायाचे एक बोट गेले, मग पाऊल. डाळीने त्यांचा पाय वाचला असता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही, आणि शास्त्र शिकवलेल्या बाईने पुराव्याविना बोलू नये. पण त्यांना खरोखर काय आवडते, हे आम्ही पंचवीस वर्षांत एकदाही विचारले नाही, याला मात्र पुरावा लागत नाही. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा मला जवळ बोलावून म्हटले, "अगं, वाल आलेत का बाजारात? मला वाटीभर उसळ करून दे, कडवे वाल मला फार आवडतात." मी करून दिली. दोन घास खाऊन त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

म्हणून आज माझे मागणे लहानसे आहे. उद्यापासून पाने वाढायच्या आधी एक वाटी घ्या. वरण पातेल्यातून तळातले घट्ट घ्या, उसळ असेल तर दाण्यांची घ्या, आणि ती वाटी झाकून बाजूला ठेवा. ती तुमची. कोणी आले तरी ती काढायची नाही. आलेल्याला पिठले करून वाढा, दहा मिनिटांत होते. भात एक वाटी कमी घ्या. आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसा. हे जमले नाही तर निदान ती वाटी तरी राखा. घरचे रागावतील असे वाटते का? माझा अनुभव सांगते. आमच्याकडे पहिल्या दिवशी यजमानांनी झाकलेली वाटी पाहून विचारले, "ही कोणासाठी?" मी म्हटले, "माझ्यासाठी." ते म्हणाले, "मग डाळ थोडी जास्त शिजवत जा ना." इतके सोपे होते ते! ते मी इतकी वर्षे विचारलेच नव्हते.

शेवटी एक आठवण करून देते. चैत्रात आपण हळदीकुंकू करतो. आंब्याची डाळ आणि पन्हे देतो, आणि प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेले हरभरे घालतो. लहानपणी मला वाटे, इतक्या गोष्टी असताना हरभरेच का? त्यामागे कोणाच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पण आता मला त्याचा माझ्यापुरता अर्थ लागला आहे. वर्षातून एक दिवस असा की बाईच्या ओटीत कडधान्य पडते, आणि ते तिचे म्हणून पडते, उरलेले म्हणून नव्हे. आणि आपण काय करतो? घरी नेऊन त्याची उसळ करतो आणि सगळ्यांना वाढून टाकतो!

येत्या चैत्रात त्या हरभऱ्यांची उसळ जरूर करा, सगळ्यांना वाढा. पण पहिली वाटी आपली काढून ठेवा.

 कार्यक्रमानंतर अल्पोपाहार आहे. चिटणीसबाईंना विनंती करून यंदा बटाटेवड्याऐवजी मोडाच्या मुगाची उसळ ठेवली आहे. कार्यकारिणीच्या भगिनी वाढणार आहेत. त्यांच्या वाट्या मी आधीच झाकून ठेवल्या आहेत.